सोसायला सांगणारा कोण?

जपानमध्ये भूकंप झाला, त्सुनामी आली, की आपल्याकडच्या मोबाइलवर ठरावीक मजकूर फिरू लागतो. पाण्याच्या टँकरपुढे शिस्तीत उभी असलेली रांग, कुठे आरडाओरडा नाही, लुटालूट नाही, आणि खाली एक ओळ: यांच्याकडून शिका. नागासाकीतल्या एका मुलाचा फोटो तर बारा महिने फिरत असतो. पाठीवर मेलेला धाकटा भाऊ बांधून तो दहनाच्या जागी ताठ उभा आहे. अमेरिकी सैन्यातले छायाचित्रकार जो ओडॉनेल यांनी १९४५ मध्ये हा फोटो काढला. 'हे ओझं नाही, माझा भाऊ आहे' असं तो मुलगा सैनिकाला म्हणाला, असं फोटोखाली लिहिलेलं असतं. ते वाक्य कुणीतरी मागाहून जोडलेलं आहे. ओडॉनेल यांच्या आठवणीतला मुलगा काहीच बोलत नाही. त्याने खालचा ओठ इतका घट्ट चावलेला होता की त्यातून रक्त येत होतं. भावाचं दहन झाल्यावर तो मुकाट निघून गेला.

सोसणाऱ्या मुलाच्या तोंडी सुभाषित घालायची ही हौस मला फार खटकते. जपानी लोक ज्याला गामान म्हणतात, त्याबद्दलच्या बहुतेक गैरसमजांचं मूळ या हौसेतच आहे. जे टाळता येत नाही ते कुरकुर न करता, मान खाली न घालता सोसायचं, आपल्या दुःखाचा भार दुसऱ्यावर टाकायचा नाही, ही गामानची साधी कल्पना. बालवाडीतल्या पोरापासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी हा शब्द असतो. या मूल्याबद्दल मला आदर आहे. म्हणूनच त्याच्या नावाने काय काय खपवलं गेलं, हेही बघायला हवं.

गैरसमज: सोशिकपणा जपान्यांच्या रक्तातच आहे

शोगुनांच्या राजवटीच्या, म्हणजे एदो काळाच्या, अडीचशेहून अधिक वर्षांत शेतकऱ्यांचे उठाव आणि सामूहिक तक्रारी मिळून सुमारे तीन हजार नोंदी इतिहासकारांनी गोळा केल्या आहेत. सारा वाढला किंवा दुष्काळातही सूट मिळाली नाही, की गावंच्या गावं उठत. म्होरक्याला देहदंड ठरलेला असे. म्हणून शपथपत्रावरच्या सह्या एकाखाली एक न करता छत्रीच्या काड्यांसारख्या गोलात करत. पहिलं नाव कुणाचं, हे अधिकाऱ्याला कळायला नको.

१९१८ च्या जुलैमध्ये तोयामा प्रांतातल्या उओझु बंदरात कोळ्यांच्या बायका जमल्या. तांदूळ महाग होत चालला होता आणि त्यांच्याच बंदरातून तो जहाजात भरून बाहेर चालला होता. त्यांनी माल चढवायला विरोध केला. तिथून पेटलेल्या तांदळाच्या दंगली देशभर पसरल्या आणि सप्टेंबरात पंतप्रधान तेराउची यांचं मंत्रिमंडळ कोसळलं. मुकाट सोसणाऱ्या समाजात असं घडत नाही.

मिनामाताची गोष्ट याहून कडू आहे. क्युशू बेटावरच्या या गावात चिस्सो कंपनीचा रासायनिक कारखाना पारायुक्त सांडपाणी समुद्रात सोडत होता. १९५६ मध्ये रोगाची अधिकृत नोंद झाली. मासे खाणाऱ्यांचे हातपाय वाकडे झाले, वाचा गेली, आईच्या पोटातली मुलंही सुटली नाहीत. कारखान्याच्याच दवाखान्यातल्या डॉक्टरांनी १९५९ मध्ये कारखान्याचं सांडपाणी मांजराला देऊन पाहिलं. मांजराला तोच रोग झाला. कंपनीने तो निष्कर्ष दाबला, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरअखेरीस रुग्णांशी करार केला: सांत्वनापोटी ठरावीक रक्कम घ्या, पुढे रोगाचं कारण कारखानाच असल्याचं निघालं तरी जादा मागू नका. गरीब कोळ्यांनी सह्या केल्या. आजूबाजूचं गाव कारखान्यावर पोसलेलं होतं आणि 'गावासाठी जरा सोसा' हा आग्रह शेजारपाजारूनच येत होता. १९६८ पर्यंत ते सांडपाणी समुद्रात जात राहिलं.

पण हेच रुग्ण नोव्हेंबर १९७० मध्ये एकेक शेअर विकत घेऊन, यात्रेकरूंचे पांढरे कपडे घालून, ओसाकातल्या चिस्सोच्या भागधारक सभेत शिरले. त्यांच्या काळ्या झेंड्यांवर एकच अक्षर होतं, त्याचा अर्थ वैर. पुढे काहींनी तोक्योतल्या मुख्य कचेरीपुढे दीड वर्षाहून अधिक काळ ठिय्या दिला. मार्च १९७३ मध्ये कुमामोतोच्या न्यायालयाने कंपनीला दोषी धरलं आणि १९५९ चा तो करार नीतिबाह्य म्हणून रद्द ठरवला. माणसांच्या असहायतेतून काढलेली सही म्हणजे त्यांचा धीर नव्हे, हे न्यायालयाला दिसलं.

मग रक्ताची ही गोष्ट आली कुठून? बरीचशी शाळेतून आणि सरकारी प्रचारातून. एदोनंतरच्या मेइजी काळापासून नीतीच्या पाठ्यपुस्तकांत पाठीवर मोळी घेऊन वाचत चालणाऱ्या निनोमिया किनजिरोचा आदर्श आला, शाळाशाळांच्या अंगणात त्याचे पुतळे बसले. युद्धात धातू कमी पडला तेव्हा त्यातले कितीतरी ब्राँझचे पुतळे वितळवले गेले. १९४२ मध्ये घोषणांची स्पर्धा भरवून 'जिंकेपर्यंत आम्ही काही मागणार नाही' ही घोषणा मुलांच्या तोंडी बसवली. हे सगळं पुरातन संस्कृतीतून आपोआप उगवलेलं नाही. कुणीतरी ते बसून ठरवलं, छापलं आणि पाठ करून घेतलं.

गैरसमज: २०११ मधली शांतता ही गामानची किमया

११ मार्च २०११ ला दुपारी पावणेतीनच्या सुमारास तोहोकूच्या किनाऱ्यालगत ९.० तीव्रतेचा भूकंप झाला. त्याने आणि त्सुनामीने सुमारे १५,९०० माणसं मारली, अडीच हजार बेपत्ता झाली. निर्वासित छावण्यांतला संयम खरा होता. मात्र संकटातला जपानी जमाव नेहमी शांतच असतो, असं म्हणणाऱ्याने १ सप्टेंबर १९२३ आठवावा. तोक्योच्या त्या भूकंपानंतर 'कोरियन लोक विहिरींत विष टाकताहेत' अशी अफवा उठली आणि गल्लोगल्लीच्या टोळ्यांनी, काही ठिकाणी सैनिक आणि पोलिसांनीही, हजारो कोरियनांची कत्तल केली. तीच भाषा, तीच संस्कृती. मधल्या काळात बदलले ते इमारतींचे नियम, दरवर्षीच्या कवायती, खात्रीची बातमी देणारी यंत्रणा आणि मदत पोचेल हा भरवसा.

आणि जीव वाचवायची वेळ आली तेव्हा थांबून राहण्याने काय होतं, हे त्याच दुपारी दिसलं. कामाइशी शहरातल्या मुलांना गुन्मा विद्यापीठातले तोशिताका कातादा कित्येक वर्षं शिकवत होते: नकाशावर विसंबू नका, कुणाची वाट पाहू नका, सगळ्यात आधी तुम्ही पळा. त्या किनाऱ्यावर जुनी शिकवणही तीच आहे, त्सुनामीत ज्याने त्याने आपला जीव घेऊन धावावं. मोठी मुलं धावली, त्यांना बघून प्राथमिक शाळेतली धावली, पुढे अजून वर धावली. शहरातल्या जवळजवळ तीन हजार शाळकरी मुलांपैकी, त्या दिवशी शाळेच्या देखरेखीत होती ती जवळपास सगळी वाचली.

इशिनोमाकीतल्या ओकावा प्राथमिक शाळेत मात्र मुलांना पटांगणात रांगेत बसवून ठेवलं. शाळेच्या मागेच टेकडी होती, मुलांच्या पायाखालची. 'टेकडीवर जाऊ या' असं काही मुलांनी म्हटल्याचं वाचलेल्यांनी सांगितलं आहे. मोठी माणसं विचारविनिमय करत राहिली. भूकंपानंतर ५१ मिनिटांनी पाणी आलं. १०८ पैकी ७४ मुलं आणि तिथे हजर असलेल्या ११ शिक्षक-कर्मचाऱ्यांपैकी १० जण गेले. नंतर जाब विचारणाऱ्या पालकांना 'सगळ्यांचंच कुणी ना कुणी गेलंय' हे ऐकावं लागलं. तरी २३ मुलांचे आईवडील न्यायालयात गेले. २०१८ मध्ये सेन्दाई उच्च न्यायालयाने शाळेची आपत्कालीन योजनाच निष्काळजीपणे केलेली होती असा निकाल देऊन सुमारे १.४४ अब्ज येनची भरपाई ठरवली आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो कायम झाला. जपानमधल्या शाळांना आपल्या आपत्कालीन योजना पुन्हा तपासाव्या लागल्या त्या या आईबापांमुळे. गप्प बसलेल्यांमुळे नव्हे.

फुकुशिमाचा आकडाही लक्षात ठेवण्यासारखा आहे. त्या प्रांतात भूकंप-त्सुनामीने थेट गेलेले साधारण १,६००. नंतर स्थलांतराच्या हालांत, थंडीत, औषधपाणी तुटल्याने, मन खचून गेलेले २,३०० हून अधिक, आणि त्यांत बहुसंख्य वृद्ध. छावणीत काही न मागता बसलेल्या म्हाताऱ्या माणसाचा फोटो जगभर कौतुकाने छापला जातो, तेव्हा त्याला काय हवं होतं हे विचारायचं राहून जातं. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईच्या 'स्पिरिट'चे गोडवे ऐकलेल्या वाचकाला हे निराळं समजावून सांगायला नको.

गैरसमज: जपानी बाई निमूट सोसत आली

आपल्याकडे 'सोशिक' हे सुनेचं कौतुक असतं, त्यामुळे हा समज आपल्याला चटकन पटतो. कामाकुरात १२८५ मध्ये स्थापन झालेलं तोकेइजी नावाचं भिक्षुणींचं मठमंदिर आहे. नवऱ्याचा जाच सोसवेना झालेली बाई पळून तिथे आली आणि ठरावीक काळ, आधी तीन आणि पुढे दोन वर्षं, तिथे सेवा करून राहिली, की तिला काडीमोड मिळे. शोगुनच्या राजवटीने या हक्काला मान्यता दिलेली होती. मेइजी सरकारने १८७० च्या दशकाच्या सुरुवातीला तो काढून घेतला. त्यानंतरही १८८३ मध्ये जपानमध्ये हजारी तीनहून अधिक घटस्फोट होत. आजच्या जपानच्या दुपटीहून जास्त. १८९८ चा नागरी कायदा आला, त्याने घराची सगळी सत्ता कुटुंबप्रमुखाच्या हाती दिली आणि घटस्फोटांचं प्रमाण झपाट्याने खाली आलं. 'परंपरागत' सोशिक पत्नी ही अशी कायद्याने घडवलेली, विसाव्या शतकाची निर्मिती आहे.

ओशिनचंही तसंच. १९८३-८४ मध्ये दाखवलेल्या या मालिकेला जपानमध्ये सरासरी ५२.६ टक्के प्रेक्षक होते आणि पुढे साठहून अधिक देशांत ती गेली. नायिका म्हणजे मूर्तिमंत सहनशीलता, असं जगाने ठरवून टाकलं. मालिका नीट पाहिली तर चोरीचा आळ आल्यावर सात वर्षांची ओशिन मालकाच्या घरातून बर्फात पळून जाते. तिला आसरा देतो तो सैन्यातून पळालेला एक तरुण. पुढे सागातल्या सासरी सासूचा छळ असह्य होतो, तेव्हा ती तान्ह्या मुलाला घेऊन नवऱ्याचं घर सोडते. तिने कष्ट अपार केले. पण जिथे माणूसपण उरेना तिथे ती थांबली नाही. हाशिदा सुगाको यांनी लिहिलेली ही बाई लोकांच्या आठवणीतल्या बाईपेक्षा पुष्कळ शहाणी आहे.

कळा सोसल्याशिवाय खरं आईपण येत नाही, ही समजूत मात्र तिथे अजून चिवट आहे. बाळंतपणात वेदनाशमनासाठी भूल घेणाऱ्या बायका २०१६ मध्ये जेमतेम सहा टक्के होत्या. त्या वाढताहेत, आणि ऑक्टोबर २०२५ पासून तोक्यो महानगराने त्यासाठी एक लाख येनपर्यंत अनुदान सुरू केलं.

गैरसमज: छावण्यांतल्या जपानी-अमेरिकनांनी सगळं मुकाट स्वीकारलं

फेब्रुवारी १९४२ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या आदेशाने पश्चिम किनाऱ्यावरचे सुमारे १,२०,००० जपानी वंशाचे लोक वाळवंटातल्या आणि दलदलीतल्या छावण्यांत डांबले गेले. त्यातले दोन-तृतीयांश जन्माने अमेरिकी नागरिक होते. त्यांनी भंगार लाकडातून खुर्च्या केल्या, शिंपल्यांतून दागिने केले, काटेरी तारेच्या आत बागा फुलवल्या. या वस्तूंवर पुढे पुस्तक निघालं, प्रदर्शनं भरली आणि 'गामान' हा शब्द अमेरिकेत पोचला. त्या वस्तू बघताना गळा दाटून येतो. पण तेवढंच सांगणं म्हणजे अर्धी गोष्ट.

फ्रेड कोरेमात्सु, गॉर्डन हिराबायाशी आणि मिनोरु यासुई यांनी आदेश मोडून तुरुंग पत्करला. मित्सुये एन्दो या कारकून तरुणीने सुटकेचा अर्ज केला. सरकारने तिला एकटीला सोडायची तयारी दाखवली तेव्हा तिने नकार दिला आणि खटला चालावा म्हणून ती छावणीतच राहिली. डिसेंबर १९४४ मध्ये ती जिंकली. इथे सोसणं आणि लढणं यांच्यात भिंत नव्हतीच. हार्ट माउंटन छावणीतल्या ६३ तरुणांनी 'आधी आमचे नागरी हक्क परत द्या, मग सैन्यात बोलवा' म्हणत भरती नाकारली आणि ते तुरुंगात गेले. घरी आल्यावर त्यांच्या पिढीतल्या बहुतेकांनी मुलांजवळ या काळाबद्दल अवाक्षर काढलं नाही. १९८१ मध्ये चौकशी आयोगापुढे साडेसातशेहून अधिक साक्षी झाल्या, आणि कित्येक म्हाताऱ्या माणसांनी जन्मात पहिल्यांदा तोंड उघडलं. त्यानंतर सात वर्षांनी अमेरिकेने माफी मागितली, हयात असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर दिले.

गैरसमज: या सोसण्यावरच जपानची भरभराट उभी आहे

अतिकामाने येणाऱ्या मृत्यूला जपानमध्ये स्वतंत्र नाव आहे, कारोशी. देन्त्सु या जाहिरात कंपनीतल्या एका तरुणाने १९९१ मध्ये अतिकामाने खचून जीव दिला. २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला जबाबदार धरलं. २०१५ मध्ये तिथेच २४ वर्षांच्या तरुणीने तसाच जीव दिला. कंपनीला दंड झाला पाच लाख येन. २०१९ पासून जादा कामाच्या तासांवर कायद्याने मर्यादा आली, तीही आईबापांनी आणि वकिलांनी दशकानुदशकं भांडून. यात भरभराटीचं काय आहे, ते मला कधी कळलं नाही.

गैरसमज: मग गामान म्हणजे निव्वळ थोतांड

तेही नाही. त्सुनामीने वाहून नेलेल्या ५,७०० तिजोऱ्या ज्यांना सापडल्या त्यांनी पोलिसांकडे आणून दिल्या. त्याच वेळी निर्मनुष्य झालेल्या भागात एटीएमही फोडली गेली. पण आणून देणारे फार जास्त होते. २०११ च्या उन्हाळ्यात अणुभट्ट्या बंद पडत गेल्याने वीज तोकडी पडली, तेव्हा तोक्यो आणि तोहोकूत मोठ्या ग्राहकांवर कमाल मागणी १५ टक्के कमी करायचं बंधन कायद्याने घातलं. कचेऱ्या २८ अंशांवर गेल्या, साहेबांनी टाय काढले, सरकते जिने थांबले, घरातल्या लोकांनी आपणहून दिवे मालवले. वीज पुरली. हे सोसणं मला मनापासून थोर वाटतं. त्याचं कारण उघड होतं, मुदत ठरलेली होती आणि ते वरपासून खालपर्यंत वाटून घेतलेलं होतं.

गैरसमज: राष्ट्राचं दुःख सगळ्यांनी सारखंच सोसलं

वाटून घेण्याचं सोंग कसं असतं, ते युद्धाच्या हिशेबात बघायला मिळतं. १९४१ मध्ये सुधारलेल्या हवाई संरक्षण कायद्याने सरकारला नागरिकांना शहर सोडायला बंदी करता येत होती आणि आग विझवणं हे त्यांचं कर्तव्य ठरलं. कसूर केली तर दंड किंवा तुरुंग. बादल्या आणि ओल्या चटया घेऊन माणसं आगीच्या बॉम्बपुढे उभी राहिली. १० मार्च १९४५ च्या एका रात्रीत तोक्योत सुमारे एक लाख माणसं जळून मेली. १५ ऑगस्टला सम्राटाने रेडिओवरून प्रजेला जे सोसवत नाही तेही सोसायला सांगितलं.

युद्ध संपलं. १९५२ मध्ये जखमी सैनिक आणि मृत सैनिकांच्या कुटुंबांसाठी कायदा झाला, पुढच्या वर्षी लष्करी निवृत्तिवेतन पुन्हा सुरू झालं, तेही हुद्द्याप्रमाणे. ज्यांना शहर सोडू दिलं नाही त्या सामान्य माणसांना काहीही नाही. पश्चिम जर्मनीने १९५० मध्येच नागरी जखमींनाही आपल्या कायद्यात घेतलं होतं.

नागोयावरच्या हवाई हल्ल्यात डावा डोळा गमावलेल्या सुगियामा चिसाको यांनी १९७२ मध्ये अशा जखमींची संघटना उभी केली. मदतीचं विधेयक १९७३ ते १९८९ या काळात संसदेत चौदा वेळा मांडलं गेलं आणि चौदाही वेळा बारगळलं. नागोयातल्या दोन महिला न्यायालयात गेल्या. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा दावा फेटाळला. आधार १९६८ च्या एका निकालात घालून दिलेला होता: युद्धातली हानी ही सर्व नागरिकांनी समानपणे सोसायची गोष्ट आहे. जपानी कायद्यात या भूमिकेला जुनिन-रोन म्हणतात. १९८० मध्ये अणुबॉम्बपीडितांच्या प्रश्नावरच्या सरकारी समितीनेही हेच तत्त्व पुढे केलं. समानपणे, असं लिहिणाऱ्यांच्या हाताशी सेनापतींच्या कुटुंबांना मिळणाऱ्या वेतनाचे आकडे होते.

सुगियामा २०१६ मध्ये, वयाच्या १०१ व्या वर्षी वारल्या. २०२५ मध्ये युद्ध संपल्याला ८० वर्षं झाली, तेव्हाही हवाई हल्ल्यांतल्या सामान्य जखमींसाठी कायदा झालेला नव्हता.

अणुबॉम्बपीडितांच्या निहोन हिदानक्यो या संघटनेने १९५६ पासून हे 'सोसा' कधीच मान्य केलं नाही. १० डिसेंबर २०२४ ला ऑस्लोत नोबेल शांतता पुरस्कार स्वीकारताना ९२ वर्षांचे तानाका तेरुमी बोलत होते. तेरा वर्षांचे असताना नागासाकीत त्यांच्या नात्यातले पाच जण गेले होते. अणुबॉम्बने मारलेल्या माणसांसाठी जपान सरकारने काहीच भरपाई दिलेली नाही, असं त्यांनी सांगितलं, आणि लिहून आणलेल्या भाषणात नसताना, थांबून, तेच वाक्य पुन्हा एकदा म्हटलं.